५ व्होल्टचे ५० का दिसतात?

स्कोप (ऑसिलोस्कोप, व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) ५ व्होल्टला ५० दाखवतो, खराब निघाला का, असं विचारलंत. तुमचा स्कोप खराब नाही हो, दुकानदाराशी भांडू नका. ५ व्होल्टच्या चार्जरला बरोबर दहापट, म्हणजे ५० दिसतात याचा अर्थ प्रोबवरचं (मोजायच्या वायरवरचं) बटण १एक्सला आहे, म्हणजे सिग्नल आहे तसा जातो, आणि चॅनलच्या मेनूत १०एक्स, म्हणजे स्कोप आकडा दहाने गुणतो. दोन्ही १०एक्स करा, मग प्रोब दहाने भागतो आणि स्कोप दहाने गुणतो. मग प्रोब स्कोपच्याच १ किलोहर्ट्झच्या पिनेला लावून बघा. चौकोनी लाटेचे कोपरे गोल किंवा टोकदार दिसले तर प्रोबवरचा बारका स्क्रू हळू फिरवायचा, कोपरे सरळ होईपर्यंत.

'ऑटो' बटणावर विसंबू नका. रिपल (डीसीवर उरलेली बारीक लाट) बघायचा तर कपलिंग एसी करा, म्हणजे डीसी अडून फक्त लाट दिसते, आणि व्होल्ट प्रति डिव्हिजन (स्क्रीनवरच्या एका खान्याचे व्होल्ट) कमी करत लाट स्क्रीनभर आणा. बहुतेक स्वस्त स्कोप ८ बिटचे, सगळ्या उंचीत २५६ पायऱ्या. लाट एकाच खान्यात ठेवली तर आकडा नुसता अंदाज. ट्रान्सफॉर्मर-ब्रिजच्या (ब्रिज म्हणजे एसीचा डीसी करणारे चार डायोड) सप्लायला रिपलची लाट दर १० मिलिसेकंदाला यायला हवी. २० ला आली तर एखादा डायोड गेला समजा.

आणि प्रोबची ती काळी क्लिप! मेन्सवर (घरच्या लाइटवर) चालणाऱ्या स्कोपमध्ये ती आतून थेट अर्थला असते. लातूरला मी रिपेअरिंग सुरू केलं तेव्हा इन्व्हर्टरच्या चार्जरमध्ये मेन्सच्या बाजूच्या ब्रिजच्या निगेटिव्हला लावली होती. थेट शॉर्ट, ढप्प! अर्ध्या गल्लीला वाटलं महावितरणने लाइट घालवली. मेन्सच्या बाजूला डिफरन्शियल प्रोबशिवाय (अर्थला न जोडता दोन टोकांतला फरक मोजणारा प्रोब) जायचंच नाही, आणि स्कोपची अर्थ पिन काढायचा जुगाड तर अजिबात नको, स्कोपचा पत्राच लाइव्ह होतो.