विभागात कायम प्राध्यापकच नाही, मग अभ्यासक्रमाबद्दलचा प्रस्ताव अभ्यास मंडळापर्यंत न्यायचा कसा?

उसाच्या_गावची (कोल्हापूर)

नमस्कार. राधानगरी रस्त्यावरच्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, अर्थशास्त्र शिकवते. राहायला कोल्हापुरात, रोज रंकाळा स्टँडवरून एसटीनं जाते. महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं चांगली आहेत, आणि जे सांगणार आहे ते आणखी कितीतरी ठिकाणी तसंच असणार.

आमच्या विभागात मंजूर पद एकच. त्या पदावरचे सर निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही. तेव्हापासून विभाग म्हणजे मी आणि माझ्यासारखीच एक सहकारी. तास आम्ही घेतो, अंतर्गत गुण आम्ही देतो, प्रकल्प आम्ही तपासतो, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायली आम्ही लावतो. विभागप्रमुख म्हणून सही मात्र दुसऱ्या विषयाच्या सरांची असते, 'प्रभारी' म्हणून. मानधनाचा विषय इथे काढत नाही, त्यावर वेगळे धागे आहेत.

माझा प्रश्न अभ्यासक्रमाचा आहे. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं ऊस उत्पादकांच्या घरची. गेल्या हंगामात मी त्यांना घरातलं ऊसबिल आणि वजनाची पावती घेऊन यायला सांगितलं. ती बिलं बाकावर पसरल्यावर वर्ग जो रंगला, तसा पुस्तकातल्या मागणी-पुरवठ्याच्या आलेखानं कधी रंगला नव्हता. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्यासाठी (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३४० रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, ठरवली, म्हणजे टनाला ३४००. मग घरी आलेला आकडा त्यापेक्षा कमी का? कारण तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. उतारा कोणत्या हंगामाचा धरायचा? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे द्यायचं बंधन आहे, ते पाळलं गेलं का, हे तारखा लावून बघता येतं. राज्य सरकारनं २०२२ मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत द्यायला मुभा दिली आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला, हे त्याच मुलांच्या घरात घडलेलं आहे. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या आप्पांना बिल कळतंय, पण वजावट कशाची किती ते कुणी कधी मांडून दाखवलं नव्हतं." तिनं घरी जाऊन ते मांडून दाखवलं.

हे सगळं मी दोन श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) क्षेत्र प्रकल्पाच्या स्वरूपात लिहून काढलंय. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे ६० तासांचं काम: बिलं गोळा करणं, शेतकऱ्यांशी बोलणं, हिशेब, अहवाल. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत क्षेत्र प्रकल्पाला जागा आहेच. जागा आहे पण विषय नाही, म्हणून मुलं कुठूनतरी छापील प्रकल्प उतरवून आणतात, हे शिकवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे.

आता अडचण. हे द्यायचं कुणाकडे? उत्तर मिळालं, अभ्यास मंडळाकडे, म्हणजे विद्यापीठात त्या विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळाकडे, विभागप्रमुखांमार्फत जातं. म्हणून मी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ काढून वाचला. त्यात 'अध्यापक' म्हणजे पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त. म्हणजे मी अध्यापक नाही. अधिसभेवर (विद्यापीठाच्या सिनेटवर) दहा अध्यापक निवडून जातात, त्यांना मत देणाऱ्यांत मी नाही. अभ्यास मंडळावर काही विभागप्रमुख निवडून जातात, पण माझ्या विषयाला मान्यताप्राप्त विभागप्रमुखच नसल्यामुळे आमच्या विभागाचं तिथेही मत नाही. पद रिकामं राहिलं तेव्हा मला वाटलं होतं की नुकसान फक्त तासांचं झालंय. कायदा वाचल्यावर कळलं, विभागाचं विद्यापीठातलं तोंडच बंद झालंय.

मला विचारायचंय: प्रस्ताव थेट अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना पाठवला तर चालतो का? आणि माझ्यासारख्यांना कायद्यात कुठे जागा आहे का?

निवृत्त_सांगलीकर

मॅडम, एकेकाळी मी अभ्यास मंडळावर होतो, त्या अनुभवावरून लिहितो.

थेट पाठवायला कायद्यानं बंदी नाही. पण थेट आलेल्या पत्राचं मंडळात काय होतं ते सांगतो. बैठक दोन-तीन तासांची, विषयपत्रिकेवर चार सत्रांचे पेपर, परीक्षक यादी, समकक्षता. 'आयत्या वेळचे विषय' येईपर्यंत निम्मे लोक गाडीची वेळ बघत असतात. तुमचं पत्र विषयपत्रिकेवर छापून यायला हवं, तरच त्याची इतिवृत्तात नोंद होते. छापून यायचं तर ते प्राचार्यांच्या आवक-जावक क्रमांकासह आलेलं बरं. प्रभारी प्रमुखांची सही घ्या, प्राचार्यांचं अग्रेषण पत्र घ्या. तुम्ही म्हणता माणसं चांगली आहेत, मग यात कुणी अडवणार नाही.

दुसरी वाट फारसं कुणी वापरत नाही. नॅकच्या पहिल्याच निकषात अभ्यासक्रमावर विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी, नोकरी देणारे यांचा अभिप्राय घेणं आणि त्यावर काय कृती केली ते दाखवणं येतं. प्रत्येक महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष दरवर्षी हे फॉर्म भरून घेतो आणि बहुतेक ठिकाणी ते फायलीत जातात. तुमच्या त्या विद्यार्थिनीनं आणि तिच्या वर्गानं हाच अभिप्राय लेखी दिला, तर कक्षाला तो पुढे पाठवावा लागतो, नाहीतर 'कृती अहवाल' कोरा राहतो.

तिसरं, अधिसभा. १९९४ चा कायदा आणि २०१६ चा कायदा यांत अधिसभेचं काम बदललं, हे पुष्कळ सदस्यांच्याही लक्षात येत नाही. आताच्या कायद्यात ती अंदाजपत्रकासाठी प्रमुख प्राधिकरण आहे, आणि सोबत शैक्षणिक कार्यक्रमांबद्दल विद्यापीठाला सामाजिक प्रतिसाद देणं हेही तिचं काम ठरवलंय. ऊस उत्पादकांच्या मुलांना बिल वाचायला शिकवा, हा सामाजिक प्रतिसाद नाही तर दुसरा कोणता? वर्षातून किमान दोनदा बैठक होते. एखाद्या निवडून आलेल्या सदस्याकडून प्रश्न किंवा ठराव टाकून घ्या.

आणि एक मनातलं. आमच्या काळी अधिष्ठाता, म्हणजे विद्याशाखेचे प्रमुखही, निवडून यायचे. त्यात गटबाजी होती, पॅनेलं होती, रात्रीची जेवणं होती, सगळं होतं. पण मत मागायला अधिष्ठात्याचा उमेदवार आडगावच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये येऊन बसायचा आणि त्याला चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागायच्या. २०१६ नंतर ते पद निवड समितीकडून भरलं जातं, पूर्णवेळ, पगारी. कामात शिस्त आली असेल. स्टाफरूममधलं ते येणं संपलं, आणि त्याची मला खरंच खंत वाटते.

प्रमुख_इचलकरंजी

मी कायम आहे आणि विभागप्रमुखही आहे, त्यामुळे माझं मत काहींना टोचेल. तरी लिहितो.

प्रस्ताव उत्तम आहे. पण मताच्या मागणीबद्दल सावध राहा. तासिका तत्त्वावरची नेमणूक वर्षा-वर्षाची, पुढच्या जूनला परत घ्यायचं की नाही हे संस्थेच्या हातात. अशा शिक्षकांना उद्या मत दिलं तर ते मत कुणाचं असेल? मतपत्रिका गुप्त असते, पण मतदार यादी कोण तयार करून पाठवतं याचा विचार करा. निवडणुकीच्या आधी तासिकांच्या नेमणुका वाढलेल्या आपल्याला बघायच्या आहेत का?

उपाय एकच, पदं भरा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमात कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत असं स्पष्ट होतं. २०२५ च्या जानेवारीत जो नवा मसुदा आला त्यात ही मर्यादाच दिसली नाही. आपण भांडायला हवं ते तिथे. राज्यात मे २०२० मध्ये भरती थांबली, नोव्हेंबर २०२१ मध्ये २,०८८ पदांना मान्यता मिळाली, आणि ती भरण्याची वाट बघण्यात किती जणांची उमेदीची वर्षं गेली ते आपण पाहिलंय. अपुऱ्या व्यवस्थेत मताची सोय करून दिली, की तीच व्यवस्था कायमची होते.

पेठेतला_पदवीधर

ताई, एक गोष्ट कुणी सांगितलीच नाही बघा. अध्यापक म्हणून तुम्हाला मत नसेल, पण पदवीधर म्हणून आहे की! अधिसभेवर दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांच्या असतात, पाच खुल्या आणि पाच राखीव. तुम्ही इथल्याच विद्यापीठाच्या पदवीधर असाल तर नाव नोंदवा. तुमची सहकारी, त्या पोरांचे शिकलेले भाऊ-बहीण, सगळ्यांना सांगा.

फक्त हे नाव आपोआप लागत नाही. अधिसूचना निघते, मुदत असते, अर्ज आणि पदवीची प्रत द्यावी लागते. दरवेळी मुदत संपल्यावर लोक विचारत येतात. मागची निवडणूक २०२२ च्या शेवटी झाली आणि मुदत पाच वर्षांची, तेव्हा आत्तापासून लक्ष ठेवा. आणि मतदान पसंतीक्रमाचं असतं, फुली नाही मारायची, १, २, ३ असे आकडे घालायचे. पहिल्या पसंतीवर निवडून यायला लागणाऱ्या मतांचा कोटा पूर्ण झाला नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर माणसं निवडून येतात, म्हणून दोनशे-चारशे एकगठ्ठा मतांना लई किंमत हाय. पदवीधरांतून उभं राहणारे दारात येतात, तेव्हा त्यांना हे उसाचं विचारा. आमच्या तालमीत आम्ही मागच्या वेळी ग्रंथालयाच्या वेळेचं विचारलं होतं.

स्वतः उभं राहायचं असेल तर मात्र पात्रतेचे नियम अधिसूचनेत नीट वाचून घ्या.

उसाच्या_गावची (कोल्हापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. पदवीधर म्हणून नोंदणीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अधिसूचनेवर आता लक्ष ठेवते.

इचलकरंजीच्या सरांना उत्तर द्यायलाच हवं. सर, दबावाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, तो दबाव मला तुमच्यापेक्षा जवळून माहीत आहे. पण दबाव येतो म्हणून ज्याच्यावर येतो त्याचं म्हणणंच ऐकू नये, हे मला पटत नाही. पदं भरली जावीत म्हणून मीही मोर्चात चालले आहे. पदं भरली जाईपर्यंत जी मुलं शिकून बाहेर पडतायत, त्यांचं शिक्षण मात्र थांबून राहत नाही. ती याच तीन वर्षांत पदवीधर होणार. त्यांना काय शिकवलं जातंय हे समोर उभं राहून रोज बघणारी माणसं आम्ही आहोत.

मी मत मागतेय असं वाटलं असेल तर नीट सांगते. माझं म्हणणं इतकंच की, ज्या विषयाचं पद रिकामं आहे त्या विषयाच्या शिकवणाऱ्यांना अभ्यास मंडळानं वर्षातून एकदा तरी बोलावून ऐकावं, आणि ते ऐकलं याची नोंद इतिवृत्तात यावी. मत देण्यासाठी कायदा बदलावा लागेल. ऐकण्यासाठी मंडळाच्या अध्यक्षांचं एक परिपत्रक पुरतं. जिल्ह्यात जिथे जिथे विभाग प्रभारींवर चाललेत, तिथल्या शिकवणाऱ्यांची यादी करायला आम्ही तिघीजणी मिळून सुरुवात करतोय, विषयवार. कुणाच्या माहितीत असतील तर मला इथे निरोपातून कळवा, नावं बाहेर जाणार नाहीत.

सांगलीच्या सरांना एक विचारते: प्रस्ताव माझा चार पानांचा आहे. चालेल?

निवृत्त_सांगलीकर

चार पानं कुणी वाचत नाही. मुख्य प्रस्ताव एका पानात बसवा: शीर्षक, श्रेयांक, तास, मुलं काय करतील, मूल्यमापन कसं, लागणारं साहित्य. बाकीची पानं परिशिष्ट म्हणून लावा. मूल्यमापन नीट लिहा, मंडळात पहिला प्रश्न त्यावरच येतो.

बिलांच्या नमुना प्रती जोडणार असाल तर शेतकऱ्याचं नाव, खातेक्रमांक आणि कारखान्याचं नाव झाकून जोडा. कारखान्याचं नाव दिसलं की चर्चा अभ्यासक्रमावरून राजकारणावर जाते आणि विषय तहकूब होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि ऊस एवढाच ठेवू नका. शिराळ्याच्या डोंगरी भागातल्या कॉलेजला दूधबिल घेता यावं, तासगावला बेदाण्याच्या सौद्याची पट्टी घेता यावी, अशी शब्दरचना करा. तीन जिल्ह्यांतली कॉलेजं आहेत, प्रत्येकाला आपलं वाटलं पाहिजे.

बैठक झाल्यावर महिनाभरात इतिवृत्त संकेतस्थळावर दिसलं नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुमच्या त्या यादीसाठी सांगली जिल्ह्यातली दोन नावं निरोपातून पाठवलीत, दोघंही अर्थशास्त्राचेच.