मॉरिस मायनरच्या हीटरची मोटर: काढू नका, आधी कार्बन बघा

दादा, तुमच्या मॉरिस मायनरच्या (जुन्या ब्रिटिश मोटारीच्या) हीटरची मोटर जाम झालीय असं तुम्ही लिहिलंय, आणि गोव्यात हीटर हवाय कशाला, काढून टाका, असं वर दोघांनी सुचवलंय. मला ते अजिबात पटत नाही. पावसात चोर्ला घाट चढताना पुढची काच आतून धुरकटते, तेव्हा या मोटरवर फिरणारा हीटरचा पंखाच कामाला येतो.

मोटर बाहेर काढून थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून बघा, मध्ये फ्यूज ठेवा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत बहुतेक वेळा बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) सुकलेला असतो किंवा कार्बन (फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारा ठोकळा) अडकलेला. बुशला पातळ तेल द्या, ग्रीस नको. कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतो तो तांब्याचा गोल भाग) बारीक काचपेपरने पुसा, खाचांतली काजळी टोकदार काडीने काढा. कार्बन झिजले असतील तर मिक्सरचे घालू नका. ते २३० व्होल्टसाठी असतात. इथे तांबं मिसळलेले, कमी रोधाचे लागतात. वायपर मोटरचे किंवा गाडीच्या डायनमोचे घेऊन कानशीने मापात आणा.

आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरता भाग) जळलंच असेल तर वाइंडिंगवाल्याकडे द्या. नवीन मोटर घेणार असाल तर एक गोष्ट नक्की बघा: या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. कायमचुंबकाची मोटर उलट जोडली की उलटी फिरते. पंखा फिरताना दिसतो, पण वारा जेमतेम येतो. अशा वेळी मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. मात्र मोटरचं एक टोक तिच्या खोळीलाच जोडलेलं असेल, तर ही अदलाबदल जमत नाही, ती घेऊच नका.