पहिलाच स्टॉल आहे, टेबलावर काय मांडू आणि लोकांना काय सांगू?

रानपान
नमस्कार मंडळी. मी सायनोटाइप करते. कागदावर फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइडच्या मिश्रणाचा हात द्यायचा, अंधारात वाळवायचा, त्यावर पान ठेवून वरून काच दाबायची आणि उन्हात ठेवायचं, मग पाण्यात धुतलं की पानाची जागा पांढरी राहते आणि बाकी सगळं गडद निळं होतं. तीन वर्षं करतेय, आता पहिल्यांदा हस्तकला मेळाव्यात स्टॉल घेतलाय, दोन दिवस, उघड्या मैदानात.

माझी सगळी कामं भिंतीच्या फटीत, पायरीच्या कडेला उगवतं ना त्या तणांची आहेत. एकदा असंच एक पातळ पान उन्हात जरा जास्त वेळ राहिलं आणि धुतल्यावर त्याच्या शिरा न् शिरा उमटल्या, तेव्हापासून मला दुसरं काही करावंसंच वाटत नाही. पण मैत्रिणी म्हणतात तण कोण विकत घेणार, गुलाब कर, फुलपाखरं कर, सुविचार टाक. केलेत पण थोडे, बरे दिसतात, पण हात लावावासा वाटत नाही त्यांना. तेही मांडू का? आणि कोणी विचारलं की हे कसं सुचलं, तर मला दोन वाक्यांच्या पुढे बोलताच येत नाही. टेबलाच्या मांडणीबद्दल पण सांगा प्लीज.

चाकावरची_माती
रानपान, मी मातीची भांडी करते, बरेच मेळावे झालेत. आधी मनातलं सांगते, गुलाब घरी ठेवा. मी पहिल्या वर्षी दोन्ही मांडलं होतं, माझं आवडतं खरबरीत काम आणि लोकांना आवडेल म्हणून केलेलं गुळगुळीत चकचकीत, आणि झालं असं की लोकांना स्टॉल कोणाचा आहे तेच कळेना, एक नजर टाकून पुढे जायचे. दुसऱ्या वेळी फक्त खरबरीत ठेवलं तर थांबणारे कमी होते पण जे थांबले ते बराच वेळ थांबले.

आता सुचण्याबद्दल. बोलता येत नसेल तर बोलू नका, दाखवा! ज्या पानाचा प्रिंट केलाय तेच पान वाळवून त्याच्या शेजारी ठेवा. माझ्याकडे नदीतले चार दगड असतात, ज्यांच्यावरून मी ग्लेझचे, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचे, रंग शोधले, आणि सगळ्यात आधी लोक दगडच उचलतात, मग भांडं, मग आपणहून विचारतात. तेव्हा तुम्ही वर जे शिरा न् शिरा लिहिलंय ना अगदी तेवढंच सांगा, त्याहून जास्त काही लागत नाही.

मांडणीचं एकच सांगते, सगळं आडवं पसरू नका. लांबून चालत येणाऱ्याला आडवं टेबल दिसतच नाही, पुढच्या माणसाची पाठ दिसते. मागे जाळी किंवा स्टँड लावून मोठे प्रिंट डोळ्यांच्या उंचीवर टांगा, बाकीचे खोक्यात उभे ठेवा म्हणजे लोक चाळत बसतात. कापड जमिनीपर्यंत सोडा, खोकी खाली लपतात. आणि हे सगळं आधी घरी मांडून फोटो काढा, फोटोत चुका लगेच दिसतात.

ऊनसावली
सायनोटाइपवालं कोणीतरी भेटलं, फार आनंद झाला. एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, तुमच्या प्रिंटचा निळा रंग म्हणजे प्रशियन ब्लू, तो कडक उन्हात दिवसभर राहिला तर फिकट पडतो. अंधारात ठेवल्यावर बराचसा परत येतो हे खरं, पण गिऱ्हाईक फिकट प्रिंट बघूनच निघून जातं. मी पहिल्या स्टॉलला पश्चिमेकडे तोंड करून टांगले होते, दुपारनंतर सगळा झोत त्यांच्यावरच, फार वाईट वाटलं. त्यामुळे ऊन कुठून येणार ते आदल्या दिवशी जाऊन बघा. घेणाऱ्यालाही सांगा की थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका, आणि कापडावर केलं असेल तर सोडा किंवा कडक पावडरने धुवायचं नाही, अल्कलीने निळा उडतो.

तंबू असेल तर प्रत्येक पायाला निदान 15-20 किलो वजन बांधा. हवा शांत असली तरी बांधा. वाऱ्याने उचललेला तंबू मी शेजारच्या काचकामाच्या टेबलावर पडताना बघितलाय.

आणि हो, कागदाला घरीच रसायन लावून, वाळवून काळ्या पाकिटात न्या आणि छोट्या छोट्या पट्ट्या तिथेच करून दाखवा. पिवळट हिरवा कागद उन्हात राहून मग पाण्यात गेल्यावर निळा होताना बघायला लोक जमतात आणि "हे कॉम्प्युटरवर काढलंय का" हा प्रश्न बंद होतो. ट्रे मात्र लहान मुलांच्या हाताला येणार नाही असा ठेवा.

सुईदोरा
वरच्या दोघांना अनुमोदन. तण कोण घेणार यावरून आठवलं, ही पद्धत जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1842 मध्ये शोधली आणि लगेच 1843 पासून ॲना ॲटकिन्स या वनस्पती अभ्यासणाऱ्या इंग्रज बाईने हिच्यात काय केलं तर समुद्री शेवाळं, पानंच्या पानं नुसती शेवाळं! आज लोक ती बघत राहतात. आणि विल्यम मॉरिस या इंग्रज डिझायनरचं 1883 चं स्ट्रॉबेरी थीफ कापड घ्या, बागेतले पक्षी स्ट्रॉबेरी पळवायचे त्यावरून सुचलेलं, निळीत रंगवलेल्या कापडावरची नीळ जागोजागी उडवून छापायला कित्येक दिवस लागायचे म्हणून महाग होतं, तरी खपलं.

म्हणून किमतीत कच खाऊ नका. कागद, रसायन, पाकीट, स्टॉलचं भाडं आणि तुमचे तास, सगळं धरा. छोटी कार्डं, बुकमार्क ठेवा, पण त्यावर पण तणच, स्वस्त म्हणून गुलाब नको. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहा, बरेच जण विचारायला लाजतात आणि निघून जातात. शेवटच्या तासाला भाव पाडू नका, सकाळी पूर्ण पैसे देऊन गेलेल्या माणसाचं काय? आणि एक वही ठेवा, काय विकलं ते तर लिहाच पण कशाला हात लावून परत ठेवलं तेही लिहा. मला पुढचं डिझाइन बऱ्याचदा तिथूनच सुचतं.

रानपान
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. काल रात्री जेवणाच्या टेबलावर मांडून बघितलं, वाळलेली पानं शेजारी ठेवली आणि खरंच, पहिल्यांदा वाटलं की हा माझा स्टॉल आहे. गुलाब कपाटात गेले. फक्त पानं हाताळून तुटतात, काय करू?

चाकावरची_माती
दोन काचांमध्ये घालून कडेने टेप लावा. आणि एखादं सुटंच राहू द्या हात लावायला, तुटलं तर तण काय, परत उगवतंय.

ऊनसावली
मेळावा झाला की पट्ट्यांचे फोटो टाका नक्की, त्या बघायच्या आहेत.