बाटली रजिस्टरमध्ये संपते, कपाटात नाही. विद्यापीठाला पूर्णवेळ सुरक्षा अधिकारी हवा की नको?

चौथं_वर्ष
रसायनशास्त्रात पीएच.डी. करतोय. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, पदवी अजून हातात यायची आहे.

नॅकच्या (विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) भेटीच्या तयारीत मागच्या खोलीची साफसफाई माझ्या गळ्यात पडली. खालच्या फळीवर, फुटक्या डेसिकेटरच्या मागे डायआयसोप्रोपिल इथरची तपकिरी बाटली सापडली. अर्धं लेबल गळालेलं, झाकणाच्या कडेला खडीसाखरेसारखे पांढरे स्फटिक. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: या इथरचं हवेमुळे पेरॉक्साइड होतं, आणि असे स्फटिक नुसतं झाकण फिरवलं तरी फुटू शकतात. गाइडना फोन केला. म्हणाले, ‘हलवू नकोस, खोलीला कुलूप घाल.’ कुलूप आजही आहे. विल्हेवाटीसाठी अर्ज केला तर कार्यालयाचा निरोप आला: तीन कोटेशन जोडा.

लगेच मायापुरी आठवलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेलं गॅमा किरणांचं यंत्र होतं. १९८५ नंतर ते कुणी वापरलं नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये भंगार म्हणून त्याचा लिलाव झाला. मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडलं, आतलं किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० उघडं पडलं. एकाने तर चकाकणारा तुकडा पाकिटात ठेवला होता. एप्रिलमध्ये माणसं दवाखान्यात गेली, एक कामगार दगावला. सुरुवातीला सगळ्यांचा संशय परदेशी भंगारावर होता. निघालं आपल्याच विद्यापीठातून.

माझं म्हणणं साधं आहे. विभागाबाहेरचा, पूर्णवेळ, खोलीला टाळं ठोकायचा अधिकार असलेला सुरक्षा अधिकारी प्रत्येक संशोधन विद्यापीठात हवा. पटतंय का?

तिसऱ्या_मजल्यावरचा_मास्तर
नाही पटत. बावीस वर्षं शिकवतोय. जनुकीय कामासाठी जैवसुरक्षा समिती आहे, प्राण्यांसाठी नैतिकता समिती आहे, वर अंतर्गत लेखापरीक्षण आणि ग्रीन ऑडिट. तुमचा अधिकारी येईल आणि पहिल्या आठवड्यात एक नवा फॉर्म काढेल. भरणार कोण? मी. सही कुणाची? माझीच. आणि हा पगार येणार कुठून? आमच्याकडे शिक्षकांच्या जागा भरत नाहीत, तासिका तत्त्वावर विभाग चाललाय.

बरं, मायापुरीचं यंत्र काय कुणी रात्री भिंतीवरून फेकलं? रीतसर समिती बसली, रीतसर लिलाव झाला. कागद पूर्ण होता हो!

चौथं_वर्ष
सर, तेच तर सांगतोय. कागद पूर्ण होता तो भंगार विकण्याचा. किरणोत्सर्गी वस्तू काढायची तर अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारावं लागतं, ते कुणी विचारलं नाही. कोबाल्टचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा काळ, ५.२७ वर्षं. यंत्र आणून चाळीसेक वर्षं झाली होती, तेवढ्यात ते साधारण दोनशेव्या हिश्श्यावर येतं. तेवढ्यानेही माणूस गेला. समितीत ज्याला हे यंत्र म्हणजे काय ते कळत होतं असा एक जण असता, तर?

निवृत्त_स्टोअरकीपर
बाळा, एक दुरुस्ती. तुझी बाटली आणि ते यंत्र ही दोन वेगळ्या वह्यांतली प्रकरणं आहेत. यंत्र डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत असतं. तिथे ते निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे वहीतून रीतसर काढून टाकेपर्यंत जिवंत. ऑडिटवाले दरवर्षी विचारतात, ‘ही वस्तू दाखवा, वापरात नसेल तर काढा.’ काढायची घाई तिथून येते. रसायन मात्र कन्झ्युमेबल, वापरून संपणारी वस्तू. मी ते तुमच्या विभागाला इश्यू केलं, शिपायाने सही केली, की माझ्या लेखी संपलं. ते कपाटात वीस वर्षं बसलंय हे कुठल्याच वहीत दिसत नाही.

दोन्ही वह्यांत किमतीचा रकाना आहे. धोक्याचा नाही. मी बत्तीस वर्षं त्या भरल्या, माझ्याही कधी डोक्यात आलं नाही.

पॅसिफिक_काठचा
मी कॅलिफोर्नियात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचा संशोधक. इकडे असा नुसता एक अधिकारी नाही, सुरक्षेचा अख्खा विभाग असतो. पण त्यामुळे सगळं आलबेल आहे असं समजू नका.

२९ डिसेंबर २००८, यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ. २३ वर्षांची संशोधन सहायक सिरिंजने टर्शरी ब्यूटिललिथियम काढत होती. हे रसायन हवा लागताच पेटतं. दट्ट्या सुटला, अंगावर उडालं, स्वेटर पेटला. लॅबकोट नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. आता लक्ष द्या: त्याच लॅबची तपासणी ऑक्टोबरमध्ये झाली होती, लॅबकोट घालत नाहीत हे नोंदवलंही होतं. अधिकारी होता, शेरा होता, काम चालूच होतं.

राज्याच्या कामगार सुरक्षा खात्याने ३१,८७५ डॉलर दंड केला. पुढे प्राध्यापकावर फौजदारी खटला भरला, २०१४ मध्ये तडजोडीत मिटला. खरा फरक पडला तो प्राध्यापकाला कोर्टाची पायरी चढावी लागल्यावर. आता कोट घातल्याशिवाय माझी बॉस आत घेत नाही. ऑनलाइन प्रशिक्षणं मात्र मी चहा पिता पिता ‘पुढे, पुढे’ करत संपवतो, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या_मजल्यावरचा_मास्तर
घ्या! माझंच म्हणणं सिद्ध केलंत. अधिकारी असून उपयोग झाला नाही. गाइड लॅबमध्ये उभा असला पाहिजे, बास. आमचे सर संध्याकाळी सातला स्वतः प्रत्येक सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने तपासून मग घरी जात. त्याला कुठलं पद लागलं नाही.

पॅसिफिक_काठचा
सर, तुमचे सर किती विद्यार्थ्यांना सांभाळत होते? आणि ते निवृत्त झाल्यावर ते व्हॉल्व्ह कोण बघतं?

वाय_झेड_गल्ली
आमच्याकडे गेटवर आधारकार्ड, बॅग तपासणी, गाडीचा नंबर, सगळं. आत हायड्रोजनचा सिलिंडर साखळीशिवाय उभा. सुरक्षा म्हटलं की आपल्याला खाकी कपडेच दिसतात.

शिवाय एफ.टी.आय.आर.चा (रसायन ओळखायच्या यंत्राचा) संगणक अजून जुन्या विंडोज एक्स.पी.वर आहे आणि त्यात चार विभागांचे पेन ड्राइव्ह घुसतात. तेही कुणाच्या रजिस्टरमध्ये नाही :)

बंगलोरचा_पाव्हणा
गेटची चेष्टा करू नका. २८ डिसेंबर २००५ ला भारतीय विज्ञान संस्थेत अतिरेकी शिरला, परिषदेतून बाहेर पडणाऱ्यांवर गोळीबार केला, आयआयटी दिल्लीचे एक प्राध्यापक गेले. गेटवरचा बंदोबस्त उगाच नाही आला. तेवढंच खरं हेही, की त्याच आवारात ५ डिसेंबर २०१८ ला प्रयोगशाळेत हायड्रोजन सिलिंडरचा स्फोट झाला. एक संशोधक ठार, तीन जखमी. दोन्ही लागतं.

तिसऱ्या_मजल्यावरचा_मास्तर
काल रागात लिहिलं. वर पोस्टडॉकने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: आता कुणीच बघत नाही. माझ्याकडे आठ विद्यार्थी आहेत, दोन वर्ग, परीक्षेचं काम. सातला मी बहुतेक वेळा कुलसचिवांच्या दालनाबाहेर बसलेला असतो.

तरी अधिकाऱ्याच्या बाबतीत मत तेच. टाळं ठोकायचा अधिकार दिलात की तो आधी ज्याच्याशी वाकडं त्याची लॅब बंद करणार. विद्यापीठाचं राजकारण पाहिलं नाहीत तुम्ही. त्यापेक्षा विल्हेवाटीचं वार्षिक कंत्राट करा, कोटेशनशिवाय कुणालाही बाटली देता आली पाहिजे. निम्मा धोका इथे आहे: माणसाला कळतं, पण टाकता येत नाही.

चौथं_वर्ष
कंत्राटाला माझा पाठिंबा. पण सर, कंत्राटदार बाटली नेईल ती दाखवली तर. माझी मी चुकून पाहिली. शेजारच्या दोन खोल्या कुणी उघडल्याच नाहीत, त्यांची किल्ली २०१४ ला निवृत्त झालेल्या सरांकडे आहे म्हणे. मी अधिकारी मागतोय तो त्या खोल्यांसाठी. राजकारण करेल तर करेल, किल्ली तरी मागेल.

तिसऱ्या_मजल्यावरचा_मास्तर
किल्ली विभागप्रमुखाने मागायची. त्यासाठी नवी भरती कशाला?

चौथं_वर्ष
गेल्या बारा वर्षांत चार विभागप्रमुख झाले, सर.

निवृत्त_स्टोअरकीपर
तुमचं चालू द्या. बाळा, अधिकारी येईल तेव्हा येईल. तोवर नव्या बाटलीवर खरेदीची नाही, झाकण उघडल्याची तारीख टाक. मार्करने लिहू नकोस, अ‍ॅसिटोनचा हात लागला की पुसतं. कागदी लेबल लाव आणि पेन्सिलने लिही. आणि त्या जुन्या बाटलीपाशी कोटेशनसाठी फोटो काढायलासुद्धा जाऊ नकोस.