वैद्यकीय छायाचित्रकाराच्या कामात प्रसन्न क्षण कोठे सापडतात?

नवछायाकार यांचा प्रश्न

मी उपयोजित कला शाखेतून छायाचित्रणाचे शिक्षण पूर्ण केले असून लवकरच एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या छायाचित्रण विभागात रुजू होत आहे. रक्त, जखमा आणि शस्त्रक्रियागृहात तासन्‌तास उभे राहणे यांविषयी मला सर्वांनी सावध केले आहे व ते आवश्यकही होते. परंतु या कामात मनमोकळे हसू यावे असे काही असते का, हे मात्र कोणी सांगत नाही. रुग्णाच्या वेदनेवरचे विनोद मला नको आहेत. ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे आवडीने केले, त्यांना ती आवड कशामुळे टिकवता आली, हे जाणून घ्यायचे आहे.

जुना_कॅमेरा

मी निवृत्तीपर्यंत प्रामुख्याने प्लास्टिक सर्जरी विभागासाठी छायाचित्रे काढली. असे क्षण पुष्कळ असतात, आणि गंमत म्हणजे त्यांतील बहुतेक आपल्या नियमांतूनच निर्माण होतात.

पहिला नियम असा की रुग्णाने हसायचे नाही. शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र एकाच अंतरावरून, एकाच प्रकाशात आणि एकाच निर्विकार मुद्रेत घ्यावे लागते. कारण हसताना गाल वर जातात, नाकपुड्या रुंदावतात आणि तुलना फसते. शस्त्रक्रियेपूर्वी हा नियम पाळणे कोणालाच जड जात नाही, कारण तेव्हा मुळात कोणाला हसू येतच नसते. अडचण येते ती नंतर. दुभंगलेला ओठ शिवून झालेली एखादी चिमुरडी तपासणीसाठी येते, स्टुलावर बसते आणि ‘आता अजिबात हसायचे नाही हं’ असे म्हणताच खुदकन हसते; मग तिची आई हसते, दाराशी उभ्या असलेल्या मावशी हसतात आणि काम थांबते. अशा वेळी मी तिला आधी पोटभर हसू देत असे, त्या हसण्याचे एक छायाचित्र घेत असे आणि मगच नोंदीच्या छायाचित्राकडे वळत असे. ते काम मग झटपट होई.

रुग्णांची तयारी हीदेखील फार लोभस गोष्ट आहे. ‘उद्या फोटो आहे’ एवढेच वॉर्डात कळले, तर आजीबाई ठेवणीतले लुगडे नेसून, चेहऱ्याला पावडर लावून येतात. आपल्याला तर त्वचेचा मूळ रंग हवा असतो, त्यामुळे ती पावडर पुसायची विनंती करावी लागते. ती इतक्या आदराने करावी की त्यांना आपला हिरमोड झाला असे वाटू नये. मंगळसूत्र काढायला कोणी नकार दिला तर आग्रह धरू नये, ते मानेमागे सरकवून काम भागते.

माझ्या सर्वांत आवडीचे रुग्ण म्हणजे चेहऱ्याच्या लकव्यावर उपचार घेणारे. त्यांच्याकडून भुवया उंचावणे, डोळे घट्ट मिटणे, गाल फुगवणे, दात दाखवणे आणि शीळ घातल्यासारखे ओठ करणे अशी एक मालिकाच करून घ्यावी लागते. मी प्रत्येक मुद्रा आधी स्वतः करून दाखवत असे आणि मुले तर त्यात चढाओढच लावत. वयस्कर स्त्रिया मात्र परक्या पुरुषासमोर शीळ घालण्याच्या कल्पनेनेच पदर तोंडाला लावत. त्यांना मी ‘बशीतल्या गरम चहावर फुंकर घाला’ असे सांगू लागलो, आणि ओठ अगदी हवे तसे येऊ लागले.

येथे एक शास्त्रीय बाब सांगतो. फ्रेंच वैद्य दुशेन यांनी १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. विजेच्या प्रवाहाने एकेक स्नायू आकुंचित करून घेतलेली छायाचित्रे त्यात आहेत. मनापासून हसताना ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो आणि सांगून आणलेल्या हसण्यात तो सहसा सामील होत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे उपचारानंतर रुग्णाचे खरे हसू कितपत परत आले हे नोंदवायचे असेल, तर रुग्णाला खरोखर हसवणे हा आपल्या कामाचाच भाग ठरतो. दोन छान किस्से नेहमी तयार ठेवा.

दंतछाया

दंतोपचारांच्या छायाचित्रणाची बाजू मी मांडते. आमच्याकडे गाल बाजूला ओढून धरणारी प्लास्टिकची साधने तोंडात बसवतात आणि दाढांचे प्रतिबिंब लांबट आरशात घेऊन त्याचे छायाचित्र काढतात. श्वासाने आरशावर वाफ धरू नये म्हणून तो कोमट पाण्यात ठेवून पुसून घेतात आणि रुग्णाला नाकाने श्वास घ्यायला सांगतात. तारा बसवायला आलेल्या शाळकरी मुलांना नेमके त्याच वेळी स्वतःचे ते रूप आरशात दिसते आणि हसू फुटते. हसले की श्वास तोंडाने, आणि आरसा पुन्हा धूसर. सोबत मैत्रीण असेल तर तिला बाहेर बसवणे हाच उपाय.

आपण वापरतो तो कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीचा गोल फ्लॅशदेखील लेस्टर डाइन यांनी १९५२ मध्ये दातांच्या छायाचित्रणासाठीच तयार केला होता. फॅशनची मंडळी त्याच्याकडे नंतर वळली, याचा मला अभिमान वाटतो.

त्वचा_आणि_प्रकाश

आमच्या विभागात हल्ली मोबाइलमुळे मजेदार प्रसंग घडतात. रुग्ण मोठ्या काळजीने चट्ट्याचे छायाचित्र दाखवायला जातात आणि चेहरा उजळणाऱ्या सुविधेने तो चट्टाच पुसून टाकलेला असतो! नाक मोठे आहे म्हणून आलेल्या तरुणांना मी त्यांचेच छायाचित्र दीड मीटरवरून काढून दाखवतो. हात लांब करून घेतलेल्या सेल्फीत नाक फुगून दिसते; १२ इंचांवरून ते ५ फुटांच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद भासते, असे गणित अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडले आहे. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली की त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो, तो पाहण्यासारखा असतो.

नेत्रपटल

थोडक्यात लिहिते. डोळ्याच्या आतील पडद्याचे छायाचित्र संगणकावर उमटले की मी ते रुग्णाला आवर्जून दाखवते. एका आजोबांनी तो केशरी गोळा पाहून ‘हा तर आमच्या मळ्यामागे मावळणारा सूर्य’ असे म्हटले आणि नातवाला हाक मारून बोलावले.

नवछायाकार

सर्वांचे मनापासून आभार. जुना_कॅमेरा सर, ते हसरे छायाचित्र आपण रुग्णाला देत होता का? आजच्या नियमांत ते बसते का?

जुना_कॅमेरा

त्या काळी विभागप्रमुखांच्या परवानगीने मी एक प्रत देत असे. आज विभागाच्या कॅमेऱ्यातील प्रत्येक छायाचित्र रुग्णाच्या नोंदीचा भाग समजावे. उपचार, अध्यापन आणि प्रकाशन यांसाठीची लेखी संमती वेगवेगळी घ्यावी आणि रुग्णाला प्रत हवी असल्यास ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांमार्फतच द्यावी. आपल्या खासगी मोबाइलवर काहीही ठेवू नये. हसऱ्या छायाचित्रासाठी सोपा मार्ग असा की पालकांचाच मोबाइल मागून घ्यावा आणि आपल्या दिव्यांच्या चांगल्या प्रकाशात ते काढून द्यावे. मागे दुसरा रुग्ण किंवा कोणाचा केसपेपर दिसत नाही, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे.