बुजतं ते वरच्या थरात

पर्व्हिअस काँक्रीट, म्हणजे पाणी आरपार झिरपू देणारं सच्छिद्र काँक्रीट, कोकणात दोन पावसाळ्यांत मातीने बुजतं, म्हणून अंगणात नकोच, असं काही जण म्हणतात. बुजतं हे खरं, पण कुठे ते बघा. यात वाळू जवळजवळ नसते, म्हणून साधारण १५ ते २५ टक्के पोकळी राहते. जांभ्याची बारीक लाल माती बहुतेक वेळा वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच अडकते. मे महिन्यात, माती कोरडी असतानाच ती व्हॅक्यूमने ओढून काढा. पाण्याचा जोरदार फवारा सरळ खाली मारलात तर गाळ आणखी खोल बसतो. आणि कळकळीने सांगतो, आपल्या रत्नागिरीकडे घरं उतारावर असतात. वरून येणारं लाल पाणी चर खणून बाजूला वळवल्याशिवाय हे काँक्रीट घालूच नका. आंब्या-फणसाचा पाचोळाही कुजण्याआधी झाडून काढा.