गिअरची गाडी आणि आपण: मैत्रिणींनो, अनुभव सांगा

नवीन गाडी बघायला गेलो, तर शोरूममधला मुलगा सगळं नवऱ्याशीच बोलत होता. गाडी मी चालवणार म्हटल्यावर लगेच, "मग मॅडमना ऑटोमॅटिक दाखवतो." मी गिअरचीच घेतली. वाईहून पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात तिसऱ्यावर गाडी जड होते, आवाज घुमायला लागतो, पायाखाली बारीक थरथर जाणवते. क्लच दाबून दुसरा टाकला की तीच गाडी झपकन पुढे झेपावते. तो क्षण मला फार आवडतो. तुम्हाला काय आवडतं? सविस्तर लिहा.

सोलापूरहून
मी अडतिसाव्या वर्षी शिकले, मारुती ८०० वर. चारच गिअर. सासऱ्यांनी शाळेच्या मैदानात शिकवलं. चढावर गाडी मागे जाईल म्हणून जीव घाबरा व्हायचा. ते म्हणाले, "हँडब्रेक ओढ, पहिला टाक, थोडी रेस दे, क्लच सावकाश सोड. बोनेट जरा वर उचलल्यासारखं झालं की हँडब्रेक खाली." ते बोनेट उचललेलं पहिल्यांदा दिसलं, तो दिवस अजून लख्ख आठवतो. सासरे आता नाहीत. चढावर थांबले की त्यांचा आवाज येतोच.

शेफील्ड, इंग्लंडहून
इथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. मॅन्युअलवर पास झालं की दोन्ही. "ऑटोमॅटिकवर दे, सोपं जाईल," असं सगळे सांगत होते. पण हे गावच टेकड्यांचं, आणि मला माझ्या पायांनी ते चढायचं होतं. दुसऱ्या खेपेला पास झाले. आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे डाव्या हाताची सवय मोडावी लागली नाही.

पुण्याहून
माझं मत वेगळं आहे. रोज दीड तास सिंहगड रोडवर क्लच दाबून डावा गुडघा धरला, म्हणून ऑटोमॅटिक घेतली. गुडघ्याला बरं आहे. पण माहेरी गेले की भावाची जुनी गाडी मागून घेते आणि उगाच एक चक्कर मारून येते.

रत्नागिरीहून
आईला डिस्चार्ज मिळाला तेव्हा कोल्हापुरातून निघायलाच संध्याकाळ झाली. आंबा घाटात पाऊस आणि दाट धुकं, पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा दिसेनात. बाबा नेहमी सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. उतारावर न्यूट्रल केलं की इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. मी दुसरा टाकला आणि पाय ब्रेकवर नुसता तयार ठेवला. गाडी गुरगुरत, स्वतःला आवरत उतरत होती. तिने धरून ठेवलंय हे मला तळपायाला कळत होतं. आई मागच्या सीटवर शांत झोपली होती. साखरप्याच्या अलीकडे धुकं विरळ झालं, तेव्हा कुठे तिसरा टाकला.

नारायणगावजवळून
मी पिकअप चालवते. तोडणी झाली की टोमॅटोचे क्रेट बाजारात मीच नेते. एकेक क्रेट वीस किलोचा. भरलेली गाडी पहिल्याशिवाय हलत नाही, येताना रिकामी कशी उडत येते. पहाटे गेटवर रांग लागते, तिथे इंचाइंचाने पुढे सरकायचं ते सगळं क्लचवर. मागचे क्रेट हलू न देता मी गाडी लावते, ह्याचा मला अभिमान आहे.

नागपूरहून
मी आत्ताच क्लास लावलाय. दर सिग्नलला गाडी बंद पडते. काय करू ताई?

धागाकर्ती
रविवारी सकाळी मोकळं, सपाट मैदान गाठ. अॅक्सिलरेटरला पायच लावू नकोस. पहिला टाकून क्लच केसभर केसभर सोडत जा. एका जागी इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि गाडी आपोआप सरकायला लागते. तिथे पाय रोखून धर. वीसेक वेळा कर. मग इथे येऊन सांग, तुझ्या गाडीचा क्लच नेमका कुठे लागतो ते.